पांढरे राखण्याची विद्या : अरिमात्सुचे शिबोरी-वर्ग

जपानमधील नागोया शहराच्या आग्नेय भागात अरिमात्सु नावाची एक जुनी पेठ आहे. जाड गिलाव्याच्या भिंती, कौलारू छपरे, रस्त्याच्या बाजूला लाकडी जाळ्या आणि दारांवर निळ्या-पांढऱ्या कापडाचे पडदे, अशी व्यापाऱ्यांची घरे तेथील जुन्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभी आहेत. या पेठेत चारशे वर्षे मुख्यतः एकच व्यापार चालत आला. पांढरे कापड दोऱ्याने बांधायचे, निळीत बुडवायचे, गाठी सोडायच्या आणि उमटलेल्या नक्षीसह विकायचे. या कलेला जपानी भाषेत शिबोरी म्हणतात. 'शिबोरु' म्हणजे पिळणे, आवळणे. त्या क्रियापदावरून हे नाव आले.

आज त्याच पेठेत मालाबरोबर आणखी एक गोष्ट मिळते. परगावाहून आणि परदेशाहून आलेली माणसे एका टेबलाभोवती बसतात. त्यांतील अनेकांना सुईत दोरा ओवण्याचीही सवय नसते. प्रत्येकापुढे एक पांढरा सुती रुमाल आणि दोरा ठेवला जातो आणि गाठ कशी बांधावी हे त्यांना पहिल्यापासून शिकवले जाते. असे वर्ग आता जपानच्या इतर शहरांत, तसेच अमेरिकेत आणि युरोपातही भरतात.

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला येथे एक प्रश्न सहज पडेल. जे कसब हेच पेढीचे खरे भांडवल, ते थोडक्या शुल्कात परक्याच्या हाती का द्यावे? उद्या तोच शेजारी दुकान थाटून बसला तर? हा प्रश्न अरिमात्सुलाही पडलेला आहे. त्याचे उत्तर समजून घ्यायचे तर पेठ कशी उभी राहिली आणि वर्गात नेमके काय शिकवले जाते, या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

रस्त्याच्या आधाराने वसलेली पेठ

सतराव्या शतकाच्या आरंभी एदो, म्हणजे आजचे तोक्यो, आणि क्योतो यांना जोडणारा तोकाइदो हा राजमार्ग वाहता झाला होता. या मार्गावर त्रेपन्न मुक्कामांची ठाणी होती. त्यांतील चाळिसावे नारुमी. नारुमीच्या जवळचा रस्ता निर्जन होता. तेथे वस्ती व्हावी म्हणून ओवारी संस्थानाच्या अधिकाऱ्यांनी १६०८ मध्ये चिता द्वीपकल्पातील आगुई येथून आठ कुटुंबे आणून वसवली. हीच अरिमात्सुची सुरुवात. जागा रस्त्यावरची होती, पण जमीन शेतीला पुरेशी नव्हती. केवळ वाटसरूंना चहापाणी देऊन आठ घरांचा संसार चालणे कठीण होते.

त्या आठ कुटुंबांपैकी ताकेदा शोकुरो यांना या व्यवसायाचा आद्य पुरुष मानतात. जवळच नागोयाचा किल्ला बांधला जात होता. त्या कामासाठी क्युशू बेटावरील बुंगो प्रांतातून लोक आले होते. त्यांच्याजवळील बांधून रंगवलेले कापड पाहून शोकुरो यांना कल्पना सुचली, असे परंपरा सांगते. त्यांनी सुती कापडाचे पंचे तशाच रीतीने बांधून निळीत रंगवले आणि वाटसरूंना विकायला ठेवले. वजनाला हलका, किमतीला परवडणारा, घरी नेऊन दाखवण्याजोगा आणि रोजच्या वापरातला हा माल होता. प्रवाशाच्या गाठोड्यात मावेल अशी वस्तू निवडण्यातच या व्यापाराचे अर्धे यश होते.

काळही अनुकूल ठरला. त्या काळच्या जपानात सामान्य माणसाने रेशीम आणि भपकेदार रंग वापरू नयेत, असे निर्बंध वेळोवेळी घातले जात. सूत आणि नीळ मात्र सर्वांना मोकळी होती. एकाच निळ्या रंगात जितकी विविधता आणता येईल तितकी आणणे, हा त्यावरचा उपाय होता आणि शिबोरीने तो पुरवला. पुढे ओवारी संस्थानाने या व्यवसायाची मक्तेदारी अरिमात्सुला दिली. उतागावा हिरोशिगे या चित्रकाराने १८३३-३४ च्या सुमारास तोकाइदोच्या मुक्कामांची जी प्रसिद्ध चित्रमाला काढली, तिच्यात नारुमीच्या चित्रासाठी त्याने अरिमात्सुची शिबोरीची दुकानेच निवडली. पेठेची पत केवढी होती, हे त्यावरून कळते.

१७८४ मध्ये मोठ्या आगीत पेठेचा बहुतेक भाग जळाला. व्यापाऱ्यांनी गवती छपरांऐवजी कौले घातली, लाकूड झाकणारा जाड गिलावा केला आणि पेठ पुन्हा उभी केली. आज दिसणारी घरे या पुनर्बांधणीतून घडलेली आहेत. २०१६ मध्ये जपान सरकारने या वस्तीला जतन करावयाच्या महत्त्वाच्या पारंपरिक वस्तीचा दर्जा दिला. अरिमात्सु-नारुमी शिबोरी या कलेला त्याआधीच, १९७५ मध्ये, राष्ट्रीय पारंपरिक हस्तकला म्हणून मान्यता मिळाली होती.

बांधणे, शिवणे, दाबणे, गुंडाळणे

शिबोरीच्या शंभराच्या आसपास पद्धती सांगितल्या जातात. नवख्याला त्या सगळ्या दाखवून चालत नाही. चांगला शिक्षक आरंभीच एक सूत्र सांगतो : रंग कापडाला आपोआप लागतो, विद्या आहे ती पांढरे राखण्याची. जेथे दोरा, फळी किंवा घडी कापडाला घट्ट धरते तेथे रंग पोहोचत नाही. तीच नक्षी. म्हणून हात निळीत घालण्याआधीचा सगळा वेळ कोठे काय राखायचे हे ठरवण्यात जातो.

पहिला धडा बहुधा इताजिमेचा, म्हणजे फळ्यांमध्ये दाबण्याचा असतो. कापडाची पंख्यासारखी मागे-पुढे घडी घालायची, त्या पट्टीचे पुन्हा चौकोन किंवा त्रिकोण करायचे आणि दोन लाकडी तुकड्यांमध्ये ते घट्ट आवळायचे. घडीतील प्रत्येक थरावर तोच आकार उमटतो, त्यामुळे उलगडल्यावर कापडभर शिस्तीत जाळी दिसते. यातलाच सेक्का हा प्रकार समभुज त्रिकोणांच्या घडीचा. कडा तेवढ्या रंगात बुडवल्या की हिमकणांसारखी फुले उमटतात. गंमत अशी, की ही नक्षी एके काळी तान्ह्या मुलांच्या लंगोटांसाठी वापरली जाई. आता ती उन्हाळी युकातांवर, म्हणजे सुती किमोनोंवर, हौसेने मिरवली जाते.

दुसरा धडा बांधण्याचा. कुमो म्हणजे कोळी. कापडाचा एक बिंदू वर ओढायचा, त्याभोवती बारीक चुण्या पाडायच्या आणि खालून वर दोरा गुंडाळत जायचा. सोडल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे वर्तुळ दिसते. अरिमात्सुतील कारागीर यासाठी एका घोडीला बसवलेला आकडा वापरतात. कापड आकड्यात अडकले की दोन्ही हात चुण्यांना मोकळे राहतात. मिउरा या प्रकारात तर गाठच नसते. दोरा केवळ फासासारखा फिरवून ताणावर धरलेला असतो, म्हणून एका झटक्यात सुटतो. बुंगोहून आलेल्या मिउरा नावाच्या वैद्याच्या पत्नीने हा प्रकार येथे आणला, असे सांगतात.

कानोको हा बारीक ठिपक्यांचा प्रकार. हरणाच्या पाडसाच्या अंगावरील ठिपक्यांवरून त्याला हे नाव पडले. येथे कच्छ, जामनगर किंवा राजस्थानशी नाते असलेल्या कुटुंबांना आपल्या घरातील बांधणीची ओढणी आठवल्याशिवाय राहणार नाही. चिमटीत कापडाचा कण उचलायचा, त्यावर दोऱ्याचे फेरे घ्यायचे आणि पुढच्या कणाकडे जायचे, ही क्रिया दोन्हीकडे सारखीच. नानाविध लहरींची लहरिया आणि जपानची अराशी यांतही असेच साम्य आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील काही वस्त्रांवर असे ठिपके दिसतात, तर जपानात नारा येथील शोसोइन या कोठारात आठव्या शतकातील बांधून, दाबून आणि मेण लावून रंगवलेली कापडे आजही जपून ठेवलेली आहेत. मूळ एका देशाचे की दुसऱ्याचे, हा वाद निष्फळ आहे. दोरा आणि रंग जेथे जेथे होते तेथे माणसाच्या हाताला हे सुचले.

तिसरा धडा शिवण्याचा. कापडावर धावदोरा घालायचा, मग दोरा ओढून कापड आवळायचे आणि गाठ मारायची. समांतर रेषांत टाके घातले तर लाकडातील रेषांसारखी नक्षी येते. तिला मोकुमे म्हणतात. या धड्यात नवख्यांचा धीर सुटतो, कारण टाके तासभर घालावे लागतात आणि समोर चुरगळलेल्या बोळ्याशिवाय काहीच दिसत नाही.

चौथा धडा अराशीचा, म्हणजे वादळाचा. कापड खांबावर तिरपे गुंडाळायचे, वरून दोऱ्याचे फेरे द्यायचे आणि मग सगळे कापड एका टोकाला दाबत न्यायचे. सोडल्यावर वाऱ्याने तिरप्या झालेल्या पावसाच्या रेघा दिसतात. ही पद्धत अरिमात्सुतील सुझुकी यांनी १८८० च्या सुमारास काढली. संस्थानांबरोबर पेठेची मक्तेदारी संपली होती आणि नव्या मालाची निकड होती. त्यासाठी वापरले जाणारे गुळगुळीत खांब सुमारे चार मीटर लांबीचे असत. आजच्या वर्गात त्या खांबाची जागा नळकाम करणाऱ्याकडच्या प्लास्टिकच्या पाइपाने घेतली आहे.

हिरव्यातून निळे

बांधलेले कापड आधी साध्या पाण्यात भिजवतात. कोरडे कापड रंग विषम घेते. मग सगळे निळीच्या पिंपाभोवती जमतात आणि येथे वर्गातील सर्वांत मोठे आश्चर्य घडते.

नीळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून ती तशीच पाण्यात कालवून कापड रंगत नाही. क्षारयुक्त पाण्यात तिच्यातला प्राणवायू काढून घेणारी क्रिया घडवावी लागते. तसे झाले की तिचा निळेपणा जातो, ती पिवळट-हिरवी होऊन विरघळते आणि धाग्यात शिरते. कापड बाहेर काढले की हवेतील प्राणवायू लागून तीच पुन्हा निळी होते आणि धाग्यातच अडकून राहते. पिंपातून काढलेला रुमाल हिरवा पाहून नवखा घाबरतो. शिक्षक फक्त थांबायला सांगतो. बघता बघता हिरवा, मग मोरपंखी, मग निळा असा रंग डोळ्यांदेखत पालटतो.

जपानी नीळ आपल्या निळीच्या झुडपापासून होत नाही. ती एका वेगळ्या कुळातील लहान रोपाच्या पानांतून काढतात. शिकोकू बेटावरील तोकुशिमा, म्हणजे जुना आवा प्रांत, हे तिचे मोठे केंद्र. तेथे वाळलेल्या पानांच्या राशी करून त्यांवर पाणी शिंपडतात, त्या पुन्हा पुन्हा उलथतात आणि सुमारे शंभर दिवस कुजवून सुकुमो नावाचा मातीसारखा पदार्थ तयार करतात. सुकुमो, लाकडाच्या राखेची निवळी, गव्हाचा कोंडा, चुना आणि तांदळाची दारू यांचे मिश्रण पिंपात आंबवतात. आठ-दहा दिवसांनी वर निळसर फेस जमतो. त्याला निळीचे फूल म्हणतात. ते दिसले की पिंप तयार. अशा पिंपाला रोज ढवळावे लागते, थंडीत ऊब द्यावी लागते आणि सलग वापरले तर विश्रांतीही द्यावी लागते.

दोन तासांच्या वर्गाला हे झेपत नाही. म्हणून अनेक ठिकाणी रासायनिक पावडर घालून झटपट पिंप लावतात. ज्यांना ते नको, ते फळसाखर आणि चुन्याचा मार्ग घेतात. मिशेल गार्सिया या फ्रेंच रंगतज्ज्ञाने प्रचारात आणलेले प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे : वजनाने नीळ १ भाग, चुना २ भाग, फळसाखर ३ भाग. त्यात आंबवणे नाही आणि दारूही नाही. आपल्याकडील रंगारीही अशा युक्त्या जाणून होते. चुन्याबरोबर टाकळ्याचे उकळलेले बी वापरून पिंप लावण्याची रीत भारतात होती. दख्खनमध्ये निळीचे रंगकाम करणाऱ्यांना निराळी म्हणत. ते आडनाव आजही महाराष्ट्रात आढळते.

निळीचा व्यापार मात्र निर्मळ नव्हता. बिहारमधील चंपारणात वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठे जमिनीत नीळ लावण्याची सक्ती कुळांवर होती आणि १९१७ मध्ये गांधीजींचा लढा त्याच प्रश्नावर झाला. त्याआधीच, १८९७ मध्ये, जर्मनीतील बीएएसएफ कंपनीने कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली होती आणि भारताची निर्यात कोसळत गेली. आवा प्रांताला तर दुहेरी मार बसला. आधी स्वस्त भारतीय निळीचा आणि मग कारखान्याच्या निळीचा. तोकुशिमातील जी थोडी कुटुंबे आज सुकुमो करतात, ती या पडझडीतून वाचलेली आहेत.

नवख्यांच्या चुका

वर्गात होणाऱ्या चुका बहुतेक सारख्याच असतात आणि प्रत्येकीतून एक नियम शिकता येतो. पहिली चूक ढिल्या बांधणीची. बांधताना दोरा घट्ट वाटतो, पण ओल्या कापडात तो सैल पडतो, रंग आत शिरतो आणि नक्षी धुरकट होते. दुसरी चूक जाड घडीची. वरचे थर निळे होतात आणि आतले कोरे राहतात.

तिसरी चूक पिंपाजवळ होते. उत्साहाने कापड धपकन टाकले किंवा जोरात ढवळले की हवा आत जाते आणि पिंपाची शक्ती फुकट जाते. कापड हळूच आत सोडायचे, तळाच्या गाळाला लागू द्यायचे नाही आणि काढताना पाण्याखालीच पिळून काढायचे, ही शिस्त शिक्षकाला पुन्हा पुन्हा सांगावी लागते.

चौथी चूक सर्वांत शहाण्या माणसांकडून होते. गडद रंग हवा म्हणून ते कापड एकदाच, पण पुष्कळ वेळ बुडवून ठेवतात. निळीचा हिशोब तसा नाही. काही मिनिटे बुडवायचे, बाहेर काढून पूर्ण निळे होईपर्यंत थांबायचे, मग पुन्हा बुडवायचे. असे थरावर थर चढतात. घाईने बसवलेला रंग वरवर राहतो आणि पुढे हाताला, सदऱ्याला लागत राहतो. लहान लहान हप्त्यांनी नियमाने भरलेली ठेवच टिकते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

पाचवी चूक शेवटी होते. रंग बसला की गाठ सोडण्याची ओढ अनावर होते. कापड नीट धुतल्याशिवाय सोडले तर उरलेली नीळ राखलेल्या पांढऱ्यावर पसरते. कात्री घाईने चालवली तर दोऱ्याबरोबर कापडही कापले जाते. तासभराचे काम शेवटच्या क्षणी बिघडते. म्हणून चांगला शिक्षक वर्गाचा शेवटचा भाग सर्वांत संथ ठेवतो.

एक कारागीर, एक तंत्र

हे सारे पाहिल्यावर अरिमात्सुच्या व्यवसायाची खरी रचना लक्षात येते. तेथे एक माणूस सगळे काम कधीच करत नसे. एक नक्षी आखे, दुसरा तिचा कागदी साचा कापे, तिसरा पुसल्या जाणाऱ्या निळ्या रसाने ती कापडावर उमटवे. मग ते कापड बांधणीसाठी घरोघर जाई. बांधणी करणाऱ्या बहुतेक स्त्रिया आणि प्रत्येकीची पद्धत ठरलेली. कुमो बांधणारी कुमोच बांधे, मिउरा करणारी मिउराच. एका नक्षीत तीन पद्धती असल्या तर कापड तीन घरी फिरे. नंतर रंगारी, दोरे काढणारे, वाफ देऊन कापड सारखे करणारे आणि शेवटी व्यापारी. भांडवल आणि जोखीम व्यापाऱ्याची, हात इतरांचे. कच्छमधील बांधणीचा धंदाही बऱ्याच अंशी याच रीतीने चालत आला आहे.

या रचनेत एक मोठे बळ होते. एकच काम आयुष्यभर केलेल्या हाताचा वेग आणि सारखेपणा दुसऱ्याला साधत नाही. पण तिच्यात एक धोकाही दडला होता. तंत्र माणसागणिक वाटलेले असल्याने ती व्यक्ती गेली आणि मागे कोणी शिकलेले नसले, तर ते तंत्रही जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किमोनोचा रोजचा वापर सरला, तेव्हा हा धोका प्रत्यक्ष उभा राहिला. खर्च कमी करण्यासाठी बांधणीचे काम कोरियात आणि पुढे चीनमध्ये पाठवले गेले. मालाचा भाव त्या वेळेपुरता सांभाळला गेला, पण पेठेभोवतीच्या घरांतील मुलींनी दोरा हाती घेण्याचे कारणच उरले नाही. ताळेबंदात ही तूट कोठे दिसत नव्हती. ती दिसली तेव्हा बांधणाऱ्या स्त्रिया म्हाताऱ्या झाल्या होत्या.

अराशीची कथा येथे बोलकी आहे. जपानमध्ये जन्मलेल्या आणि कॅलिफोर्नियातील बर्कली येथे स्थायिक झालेल्या योशिको इवामोतो वादा यांनी सत्तरच्या दशकात अमेरिकेत शिबोरीचे वर्ग घेण्यास सुरुवात केली. १९८३ मध्ये मेरी केलॉग राइस आणि जेन बार्टन यांच्यासह त्यांनी शिबोरीवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या वेळी अरिमात्सुत अराशीचे लांब खांब हाताळणारे कारागीर अगदी मोजके उरले होते. मूळ गावी विझत आलेली ही पद्धत त्या वर्गांतून आणि त्या ग्रंथातून परदेशी वस्त्रकारांच्या हाती गेली. त्यांनी चार मीटरच्या खांबाऐवजी हातभर पाइप घेतला आणि आज जगभरच्या वर्गांत अराशी हमखास शिकवली जाते. १९९२ मध्ये पहिले आंतरराष्ट्रीय शिबोरी संमेलन नागोयात भरले, तेव्हा बाहेर गेलेली विद्या मूळ पेठेला भेटायला परत आली. दुसरे संमेलन अहमदाबादेत झाले.

शिकवल्याने काय जाते, काय येते

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. वर्गांविरुद्धचे आक्षेप खोटे नाहीत. दोन तास शिकलेला माणूस स्वतःचा वर्ग काढतो. झटपट पावडरीच्या पिंपात रंगवलेला रुमाल शिबोरी म्हणून मिरवतो. यंत्राने छापलेली शिबोरीची नक्षी तर कोणत्याही बाजारात मिळते. आयुष्यभर बारीक ठिपके बांधलेल्या कारागिराला हे पाहून वाईट वाटले तर त्यात नवल नाही.

पण दोन तासांत परक्याला नेमके काय मिळते, हेही पाहिले पाहिजे. त्याला रीत मिळते; हात मिळत नाही. क्योतोच्या रेशमी कानोकोत एका किमोनोवर लाखाहून अधिक ठिपके असू शकतात आणि ते बांधण्यात वर्ष उलटते. ज्याने वर्गात बसून दहा ठिपके बांधले आणि त्यांतील चार सुटलेले पाहिले, तो त्या किमोनोची किंमत ऐकून 'एवढी का?' असे पुन्हा विचारत नाही. जाणकार गिऱ्हाईक छापील आणि बांधलेल्या कापडातला फरक उलट बाजू पाहून आणि बोटाने चुण्या चाचपून सांगतो. आपल्याकडे बांधणीचे दुकानदार पुष्कळदा कापड गाठींसहच ठेवतात आणि गिऱ्हाइकासमोर ताणून गाठी सोडतात, त्यामागे हाच व्यवहार आहे. माल कसा झाला हे ज्याला कळते, तोच त्याचा रास्त भाव देतो.

अरिमात्सुतील नव्या पिढीने हे ओळखले आहे. तेथील शिबोरी घराण्याच्या पाचव्या पिढीतील हिरोयुकी मुरासे कलाशिक्षणासाठी जर्मनीत गेले आणि २००८ मध्ये त्यांनी ड्युसेलडॉर्फ येथे 'सुझुसान' हा व्यवसाय सुरू केला. किमोनोऐवजी गळपट्टे, कपडे आणि दिव्यांची आवरणे अशा आजच्या घरात लागणाऱ्या वस्तूंवर त्यांनी शिबोरी नेली. बांधणीचे कसब अरिमात्सुचेच राहिले. चारशे वर्षांपूर्वी वाटसरूच्या गाठोड्यात मावेल असा पंचा निवडणाऱ्या व्यापाऱ्याची नजर येथे पुन्हा दिसते.

नवख्यांच्या वर्गामुळे कला वाचते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यासाठी वर्षानुवर्षे शिकणारे शिष्य, त्यांना जगता येईल एवढी मजुरी आणि माल घेणारा बाजार लागतो. पण शिष्य कोठून येणार? शंभर माणसे सहज म्हणून टेबलाशी बसतात, त्यांतल्या एखाद्याचे बोट दोऱ्यात अडकते आणि तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. दार बंद ठेवलेल्या पेठेत तो एकही येत नाही.

पेढीचे कोणते ज्ञान तिजोरीत ठेवावे आणि कोणते ओट्यावर मांडावे, हा निर्णय प्रत्येक व्यापारी घराला कधी ना कधी घ्यावा लागतो. ग्राहकांची यादी, खरेदीचे भाव, उधारीची मर्यादा या गोष्टी तिजोरीतल्याच. पण हाताचे कसब तिजोरीत ठेवले तर त्याला व्याज लागत नाही. ते मालकाबरोबर संपते. अरिमात्सुने ही किंमत काही अंशी मोजली आणि मग दार उघडले.

वर्ग संपतो तेव्हा टेबलावर धुतलेले, अजून बांधलेले रुमाल असतात. प्रत्येक जण आपला दोरा शोधतो, जपून कापतो आणि कापड ओढतो. चुण्या मोकळ्या होतात. ठरवल्याप्रमाणे नक्षी फार थोड्यांची येते. कोणाचे वर्तुळ तुटलेले असते, कोणाची रेघ वाकडी. शिक्षिका प्रत्येक रुमाल हातात घेते आणि जेथे पांढरे स्वच्छ राहिले असेल तेथे बोट ठेवते. पुढच्या खेपेला तेवढे सगळीकडे राखायचे, एवढेच ती सांगते.